करड्या खोलीतला उजेड

फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझ्याकडून नळीत दोनदा फुंकून घेतलं. पहिल्यांदा यंत्रावर शून्य आलं, तेव्हा त्याने यंत्र तळहातावर आपटलं, आकड्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, परत एकदा. जरा जोरात." मी जरा जोरात फुंकलं. परत शून्य. मागे सकाळच्या पाळीची रांग खोळंबली होती आणि तिच्यातून कोणीतरी म्हणालं, सिग्नल लागलाय, थांबा. लोक हसले. मीही हसलो. अशा वेळी आपण आधी हसून घ्यावं, म्हणजे बाकीच्यांचं लवकर आटपतं, हे मी शाळेतच शिकलोय. सिग्नल हे माझं कारखान्यातलं नाव. त्याआधी गाजर होतो, त्याआधी आणखी काही. पहारेकरी तसा वाईट माणूस नाही. कारखान्याने दारू तपासायचं यंत्र गेल्याच आठवड्यात आणलं, ते त्याच्या हातात दिलं, आणि यंत्र काय सांगतं ते वाच असं बजावलं. त्याने वाचलंही. पण त्याचा विश्वास यंत्रापेक्षा माझ्या गालांवर जास्त होता, त्याला तो तरी काय करणार. जा म्हणाला तेही अशा आवाजात, की या खेपेला सोडतोय. मी आत गेलो आणि गालांना हात लावला. तव्यावरून नुकतं काही उतरवलं असावं इतके गरम होते.

मलम बंद करून त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. सात वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मला ते दिलं होतं, काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून, जणू मीच त्याच्याकडे काही भलतं मागितलंय. पंधरा दिवसांत चेहरा असा निवळला की बायकोची आई फोनवर म्हणाली, जावईबापू उजळले. मग एक दिवस लावायचं राहिलं आणि संध्याकाळी गाल पेटले, म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा लावलं. पुढे पुढे मी ते तीन वेगवेगळ्या दुकानांतून आळीपाळीने आणायला लागलो, म्हणजे किती लागतं हे कोणाच्या लक्षात येऊ नये. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून माझे गाल पाहिले, नाकावरून बोट फिरवलं आणि सरळ सांगितलं, की चेहरा लाल आहे म्हणून तुम्ही हे लावता आणि हे लावता म्हणून चेहरा लाल आहे. मूळ दुखण्याला रोझेशिया म्हणतात. कातडीखालच्या बारीक शिरा जराशा कारणाने फुगतात, मग पूर्ववत व्हायचं विसरतात. ऊन, कडक चहा, जिना, संताप, घाबरणं, काहीही पुरतं. दारू न पिणाऱ्यालाही होतो, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं, म्हणजे माझ्यासारखे बरेच येत असावेत. पूर्ण जाणार नाही, आटोक्यात राहील. मलम आजपासून बंद. पहिले काही आठवडे आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं वाटेल, पण त्यातून जावंच लागेल. सौम्य साबण, उन्हात जाताना क्रीम, रोज एक गोळी, रात्री एक जेल, आणि एक वही. लाली कधी चढते, कधी उतरते ते वहीत लिहायचं. चढण्याचं मी भराभर लिहितो. फाटक. चहा. जिना. मॅनेजरसाहेबांचा फोन. उतरण्याच्या रकान्यात काही नाही. बाईंनी विचारलं होतं, कुठेच बरं वाटत नाही का, कधी, कुठल्या जागी? माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, नाही.

जागा आहे. मी रोज सकाळी तिचं कुलूप उघडतो. रंगाच्या कारखान्यात, मोठ्या हौदांच्या पलीकडे, एक करडी खोली आहे. भिंती करड्या, छत करडं, टेबल करडं, आणि आत येणाऱ्याने करडा कोट चढवायचा, कारण अंगावरच्या शर्टाचा रंगसुद्धा समोरच्या नमुन्यावर पडतो. खिडकीला बाहेरून काळा कागद लावलाय. टेबलावर कपाटाएवढी एक पेटी, तिच्यात तीन दिवे: एक दिवसाच्या उजेडाचा, एक दुकानातल्या उजेडाचा, एक घरातल्या बल्बचा. गिऱ्हाइकाने पास केलेला रंग एका पत्र्यावर, हौदातून आलेला दुसऱ्या पत्र्यावर, दोन्ही शेजारी ठेवायचे, तिन्ही दिव्यांखाली पाहायचे. एका दिव्याखाली जुळी भावंडं वाटणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली एकमेकांना ओळखही देत नाहीत, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. मोठ्या कारखान्यांत रंग मोजायचं यंत्र असतं. आमच्याकडे मी आहे. बावीस वर्षं माझ्या सहीशिवाय इथून डबा हललेला नाही, आणि त्या खोलीपुरतं कोणी मला सिग्नल म्हणत नाही. तिथे लाल हा शब्द माझ्या तोंडाविषयी नसतो. दोन थेंब लाल, अर्धा थेंब लाल, लाल थोडा दबलाय, एवढंच.

माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. ते टपाल कचेरीत शिक्के मारायचे आणि त्यांचे गाल, नाक, कपाळ माझ्यासारखंच होतं, उतारवयात नाक तर जाड आणि खडबडीत झालं. संध्याकाळी घरी आले की आई त्यांच्या हातातली पिशवी घ्यायची आणि पिशवी घेताना जरा जवळ जाऊन श्वास ओढायची. अगदी जरासा. मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक धरून बसलेला असायचो आणि ते पाहायचो. वडिलांना ते ठाऊक होतं. तिने वास घेऊन होईपर्यंत ते पिशवी सोडायचे नाहीत, तपासणी पुरी होऊ देत असल्यासारखे उभे राहायचे, मग चपला काढायचे. तीस वर्षांत तिला एकदाही वास आला नाही आणि तीस वर्षांत तिने एकदाही तपासायचं सोडलं नाही. मला तेव्हा आईचा राग यायचा. आता वाटतं, तिला तरी तो लाल चेहरा समजावून सांगायला कोण होतं. खाण तशी माती, असं आत्या माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणायची आणि सगळे ते प्रेमाने घ्यायचे. माझी बायको वास घेत नाही. ती म्हणते, मला तुझ्या चेहऱ्याचं काही वाटत नाही, आणि ते खरं आहे हे मला ठाऊक आहे. पण ती हे इतक्यांदा म्हणते, की रोज सकाळी आरशासमोर मला वाटतं, काही वाटत नाही हे पुन्हा म्हणण्याइतकं तरी आज दिसतंय.

आठ महिन्यांपूर्वी पेटीतला दिवसाच्या उजेडाचा दिवा गेला. तो साधा दिवा नसतो, लांबून मागवावा लागतो, तीन आठवडे लागतात. तोवर अडू नये म्हणून मी बाजारातून एक ट्यूबलाइट आणली. लावली, बटण दाबलं, आणि सहज मान वर केली तर खिडकीच्या काचेत एक माणूस उभा होता. बाहेरच्या काळ्या कागदामुळे त्या काचेचा आरसा झालेला आहे, तिथे मी स्वतःला रोजच पाहतो, म्हणजे पाहायचं टाळतो. पण हा माणूस साधा होता. थोडा थकलेला, थोडा फिकट, कोणत्याही रस्त्यावर कोणाच्याही नजरेतून निसटून जाईल असा. त्या हिरवट उजेडात लाल बुडत होतं. हे मला समजलं नाही असं मी कोणालाही सांगू शकत नाही, ते समजण्याचाच मला पगार मिळतो. मी दार लावून घेतलं आणि काचेसमोर उभा राहिलो. मान वळवली, दात दाखवले, भुवया उडवल्या. मग स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. पन्नाशीला आलेला माणूस ट्यूबलाइटखाली बसून रडतो, हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. तीन आठवड्यांनी खरा दिवा आला. खोक्यात, सीलबंद. मी तो कपाटावर ठेवला. उद्या लावू म्हटलं. माझी नजर बावीस वर्षांची आहे, दिवा जरा उणा असला तर मी मनाने भर घालीन, म्हटलं. सात महिने तो कपाटावर आहे. दिव्याखाली अंधार असतो असं म्हणतात. माझ्या दिव्याखाली मी होतो.

त्या दिवशी अकरा वाजता मॅनेजरसाहेबांनी बोलावलं होतं, मला आणि थेंबमास्तरला. थेंबमास्तर म्हणजे आमच्या हौदात रंगाची पेस्ट घालणारा. एकतीस वर्षं तेच काम. मी आतून सांगायचं, किती थेंब, आणि त्याने ते घालायचे. नळी तिरकी धरून तो असा मोजून घालतो की औषध देणाऱ्याने शिकावं. घुसळण्याच्या यंत्राशेजारी आयुष्य काढल्याने त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी बोटं दाखवतो. निवृत्तीला त्याचे सात महिने राहिलेत. आणि गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात कापतो. थोडासाच. नळी धरली की थांबतो, पण चहाचा कप धरला की कापतो, आणि चहा पिताना त्याला सगळ्यांनी पाहिलंय.

प्रकरण असं, की एका इस्पितळाच्या लांब बोळाला आमचा रंग लागला होता, दुधात जराशी राख मिसळावी तसा. अर्धा बोळ झाला, डबे संपले, त्यांनी पुन्हा मागवले, आम्ही पाठवले. वाळल्यावर उरलेला अर्धा बोळ गुलाबी. त्यांनी पाठवलेला फोटो मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आठ दिवस पडून आहे: अलीकडे राखी, पलीकडे गुलाबी, आणि बरोबर सांध्यावर चाकाच्या खुर्चीत बसलेली एक म्हातारी, जिचं अर्धं तोंड भिंतीच्या गुलाबीत आहे. मी तो फोटो पाहिला आणि त्याच क्षणी मला कळलं. दुसऱ्यांदा डबे पाठवले त्या महिन्यात लाल पेस्ट नव्या ठिकाणची होती, आणि तिचा लाल माझ्या ट्यूबलाइटखाली उठतच नव्हता. माझ्या दिव्याखाली नमुना मेलेला दिसत होता, मी दोन बोटं दाखवली. पुन्हा पाहिलं, पुन्हा दोन. थेंबमास्तर दारात आला, पत्रा हातात धरून म्हणाला, डोळ्याला जास्त वाटतंय, बाहेर उजेडात नेऊन बघू का? मी म्हणालो, मी बघतोय ना. त्याला ऐकू आलं नसेल म्हणून मी मान हलवली, नाही अशी, आणि सही केली. काचेतला साधा माणूसही माझ्याबरोबर सही करत होता.

आठ दिवस मी ते पोटात ठेवून होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण माझं तर तोंड बाराही महिने खवखवतं, त्यात हे कसं वेगळं दिसणार. जिन्यावर कोणी भेटलं, माझ्याकडे पाहिलं, की वाटायचं आता कळलं याला. आणि लगेच कळायचं, की काही कळलेलं नाही, हे नेहमीचंच बघणं आहे. लहानपणी वर्गात कोणाची वस्तू हरवली की मास्तर आधी माझ्याकडे बघायचे. मी काहीही घेतलेलं नसायचं आणि चेहरा कबुली देऊन मोकळा व्हायचा. एकदा अंगठे धरून उभाही राहिलो, कंपासपेटी सापडेपर्यंत. आता पहिल्यांदाच खरोखर काही केलं होतं आणि चेहऱ्याला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याने सगळं आधीच, फुकट, खर्चून टाकलं होतं. मी त्याच्या आत बसून होतो, आतून कडी लागलेल्या खोलीत बसावं तसा, आणि बाहेरच्यांना वाटत होतं दार तर सताड उघडं आहे.

मॅनेजरसाहेबांनी फोटो आमच्यापुढे सरकवला. त्यांच्या खोलीत मोठी खिडकी आहे, उन्हाचा पट्टा टेबलावर होता, मी खुर्ची मागे घेतली. ते माणूस म्हणून बरे आहेत, कोणाला ओरडत नाहीत, फक्त लवकर संपवायला बघतात. त्यांनी विचारलं, लाल जास्त पडलंय हे तरी तुम्हाला मान्य आहे ना? मी म्हणालो, पडलंय. हे खरं होतं. खरं बोलून माणूस किती लांब पळू शकतो हे मला तेव्हा कळलं. थेंबमास्तरला त्यांनी मोठ्याने विचारलं, तुमच्या हातून गेलं असेल का? तो थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो सांगेल, मी तर उजेडात नेऊ म्हणत होतो. मी त्याची वाटच पाहत होतो म्हणा ना. त्याने सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. तो म्हणाला, "गेलं असेल. हल्ली हाताचा भरवसा नाही." त्याने हे माझ्याकडे न बघता म्हटलं, आणि त्याचा त्यावर विश्वास होता. मी दाखवलेली चार बोटं तो विसरला नव्हता, पण त्याला वाटलं असावं, बोटं चारच असतील, थेंब जास्त पडले असतील. साहेबांनी कागद काढला. लिहूनच ठेवला होता. हयगय झाली, मान्य आहे, काम सोडतो. एकतीस वर्षांच्या शेवटी एवढ्या तीन ओळी. मला घाम फुटला. साहेबांचं लक्ष गेलं आणि ते समजुतीने म्हणाले, तुम्ही कशाला त्रास करून घेता, तुमच्यावर कोणी बोट ठेवत नाही. मग हसून, तुमचं तोंड तर नेहमीचंच आहे.

थेंबमास्तरने पेन घेतलं आणि हात कापायला लागला. पेनाचं टोक कागदावर टेकेना. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं, आणि ती नजर मी सकाळीच पाहिली होती. अगदी तीच. यंत्रावर शून्य आलेलं असताना माझ्या गालांवर जी थांबली होती ती. आईची पिशवी घेतानाची. मास्तरांची, वर्गातून फिरत फिरत माझ्यापाशी येणारी. त्या माणसाचा हात त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देत होता आणि सगळ्यांनी ती मान्य केली होती, त्याने स्वतःसुद्धा. जन्मभर ज्या नजरेखाली मी भाजलो, तिच्या आडोशाला मी आरामात खुर्ची मागे घेऊन बसलो होतो. मला माझी किळस आली. मी म्हणालो, "सही नका करू." त्याला ऐकू आलं नाही. मी उठून कागदावर हात ठेवला.

साहेबांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि मी दोघांना करड्या खोलीत नेलं. दार लावलं, इस्पितळाच्या रंगाचे दोन्ही पत्रे पेटीत ठेवले, पहिलं बटण दाबलं. साहेब वाकले, इकडून तिकडून पाहिलं, म्हणाले, सारखेच तर आहेत. नंतर त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि ते जरा दचकले. म्हणाले, "तुमचं तोंड एकदम बरं दिसतंय इथे." मी म्हणालो, त्यासाठीच हा दिवा बदलला नाही. बोलताना आवाज माझाच होता, पण काचेतल्या त्या साध्या माणसाचे ओठ हलत होते, आणि त्याच्या गालांवर काहीच नव्हतं, इतकं की मलाही क्षणभर वाटलं, हा खोटं बोलतोय. मी कपाटावरचं खोकं काढलं. धूळ इतकी होती की माझी बोटं उमटली. सील तसंच होतं, त्यावर आल्याची तारीख. सगळं सांगायला चार वाक्यंही लागली नाहीत. मी पत्रे घेऊन बाहेर अंगणात आलो, ते दोघे मागून आले. उन्हात एक पत्रा राखी होता आणि दुसरा गुलाबी, आंधळ्याने सांगावं इतका. साहेबांनी दोन्ही पत्रे माझ्याकडून घेऊन तिरके धरून पाहिले आणि थेंबमास्तरच्या हातात दिले. शेवटी म्हणाले, उद्या माझ्याकडे या, आणि काय उजेड पाडलात हो, असं स्वतःशीच पुटपुटत गेले. जाताना त्यांनी खिशातला तो तीन ओळींचा कागद काढून फाडला, पण तुकडे खिशातच ठेवले. उद्या माझ्यासाठी नवा लिहावा लागेल, हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

थेंबमास्तर पत्रे हातात धरून उभा राहिला. हात कापत होता, पत्रे एकमेकांवर आपटून बारीक वाजत होते. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं उजेडात नेऊ." मी मान हलवली. "आठ दिवस मी चहाचा कप डाव्या हातानं उचलतोय," तो म्हणाला. "उजव्याचा राग येतो म्हणून. रात्री बायको विचारते, हाताला काय झालं, तर सांगतो, यानं माझं नाव घालवलं." मला वाटलं त्याने मला शिवी द्यावी. त्याने पत्रे खाली ठेवले, जवळ आला आणि माझा चेहरा पाहायला लागला, नमुना पाहतात तसा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. इतक्या वर्षांत त्याने माझ्या तोंडाकडे असं कधीच पाहिलं नव्हतं. ऊन सरळ गालांवर येत होतं, डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी टाळायला सांगितलेलं, आणि कातडी आतून ओढल्यासारखी जळत होती. ती उन्हाने जळत होती, मलम सुटल्याने, की दुसऱ्या कशाने, हे मलाही सांगता येणार नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्याकडे बघून काही कळत नाही. रोजच्यासारखंच आहे. काय वाटतंय ते सांगावं लागेल तुम्हाला."

मी म्हणालो, लाज वाटते. फार हळू म्हणालो.

त्याने कापणारा हात कानामागे धरला. "परत एकदा," तो म्हणाला. "जरा जोरात."